मागची चाल

गेल्या वर्षी मे महिन्यात कौले चाळायला गडी आले, म्हणून माळ्यावरचे सामान खाली उतरवले. पितळी हंडे, मोडका पाळणा, आणि एका पत्र्याच्या पेटीत अब्बांची वही. खाकी कागदाचे कव्हर घातलेली, दोनशे पानांची. आत पानापानावर चौसष्ट घरांचे पट आखलेले आणि त्यांत लाल-निळ्या शाईने मोहरे काढलेले. अब्बांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. पण वही हातात घेताच पहिली आठवण झाली ती आपाची. ही वही माझी कधीच नव्हती. ती अब्बांची आणि आपाची होती.

आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या सासरचे गाव आमच्यापासून एसटीने दीड तासावर. आणि त्या दिवशी आपा आमच्या उंबऱ्याच्या आत येऊन चार वर्षे झाली होती.

अब्बा मुंबईला गोदीत कारकून होते. दीड-दोन महिन्यांनी गावी येत. येताना आमच्यासाठी खाऊ असे आणि आपासाठी वर्तमानपत्रांतून कापून ठेवलेली शतरंजची कूटे. ‘पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात’ अशी. रात्री इशाची नमाज झाली की दोघे पडवीत कंदिलाजवळ बसत. मला त्यातले काही सुधरत नसे. मी तिथेच आडवा होऊन झोपून जात असे.

अब्बा शतरंज खेळत नसत, हे इथे सांगायला हवे. ते फक्त कूटे सोडवत. अम्मीला हा खेळ पसंत नव्हता. प्रेमचंदांच्या गोष्टीतल्या त्या दोन लखनवी रईसांचा किस्सा ती नेहमी ऐकवायची. राज्य बुडाले तरी ज्यांचा डाव संपला नाही, ते दोघे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्या मसलकात जुगार नसेल, नमाज टळत नसेल तर शतरंजला हराम म्हटलेले नाही, तरी तो नापसंतच मानला आहे. इतर मसलकांचे उलेमा तर याहून कडक आहेत. मी काही आलिम नाही, म्हणून त्यात शिरत नाही. अब्बांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. समोर प्रतिस्पर्धी नाही, पैज नाही, हरणे-जिंकणे नाही. अजान झाली की पट आहे तसा ठेवून उठायचे. ते म्हणायचे, “कूटात कुणाला हरवायचं नसतं. जे खरं आहे ते शोधायचं असतं.”

मनसुबा हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. तो मूळचा अरबी, आणि शतरंजच्या मांडून ठेवलेल्या कूटालाही अरबीत ‘मन्सूबा’च म्हणत, हे मला अब्बांकडून कळले. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये असे मन्सूबे रचणारे मोठे उस्ताद होते. नवव्या शतकात अल-अदली, दहाव्या शतकात अबू बक्र अस-सूली. अस-सूलींचे एक कूट तर नवलाचे आहे. दोन्ही बाजूंना राजा आणि वजीर, एवढेच मोहरे. त्या काळचा वजीर अगदी दुबळा, तिरपे एकच घर चालणारा. पट जवळजवळ रिकामा, तरी ते उत्तर हजार वर्षे कुणाला सापडले नाही. १९८० च्या दशकात रशियन ग्रँडमास्टर युरी आव्हरबाख यांनी ते उलगडले. अब्बांनी वहीत त्या पटाखाली लिहिले आहे, “हजार वर्षं. सब्र.”

वहीच्या सुरुवातीलाच दिलारामचे कूट आहे. त्याची कथा आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. एका उमरावाने शतरंजच्या पैजेत सगळे गमावले आणि शेवटी आपली बायको दिलाराम हिलाच पणाला लावले. डाव हरत आला. पडद्याआडून पाहणाऱ्या दिलारामने नवऱ्याला सुचवले की दोन्ही हत्ती देऊन टाका आणि मला वाचवा. त्याने पहिला हत्ती राजाच्या तोंडी दिला. मग उंटाच्या जागेवरचा मोहरा पुढे टाकला. त्या जुन्या खेळात हा मोहरा मधल्या मोहऱ्यावरून तिरपी दोन घरांची उडी मारत असे, म्हणूनच हे कूट सुटते. त्यानंतर दुसरा हत्तीही दिला, आणि शेवटी एक प्यादे पुढे सरकवून घोड्याने मात केली.

अब्बा सांगत होते तेव्हा आपा बारा-तेरा वर्षांची असेल. तिने विचारले, “अब्बा, उत्तर तिला दिसत होतं, मग खेळायला तिला का नाही बसवलं? आणि ज्यानं बायको पैजेवर लावली तो जिंकला, असं कसं म्हणायचं?” अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणूनच पैज हराम आहे, बेटा. ज्याचं जे आहे ते दुसऱ्याने पणाला लावायचं नसतं.” हे बोलणे मी अर्धवट झोपेत ऐकले होते. कसे कोण जाणे, ते लक्षात राहिले. पण त्याचा उपयोग मला पुढे व्हायला हवा होता तेव्हा झाला नाही.

अब्बा गेले तेव्हा अम्मी इद्दतीत होती. सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायची होती. घर आणि साठ हापूस कलमांची बाग, एवढी आमची इस्टेट. बागेवर कर्ज काढून पंप आणि कुंपण करायचे माझ्या मनात होते. एकाच्या नावावर असले की काम सोपे होते, असे मला लोकांनी सांगितले. मी अम्मीकडून आणि आपाकडून हक्कसोडपत्र करून घेतले. आपाने विचारले होते, “अब्बा असं काही बोलले होते का?” मी म्हणालो, “अगं, नुसता कागद आहे. सगळ्याच बहिणी करतात. तुझं माहेर कुठं जातंय?” तिने सही केली. येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटले, अब्बांच्या आठवणीने गप्प आहे.

तीन वर्षांनी अम्मीही गेली. त्यानंतर दोन वर्षांनी आपा एका दुपारी आली. तिच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची मुदत जवळ होती. दुल्हाभाईंचे काम सुटले होते. आपा म्हणाली, “माझ्या वाट्यातले समज आणि दे.” तिने उसने मागितले असते तर मी कदाचित दिले असते. पण ‘वाटा’ हा शब्द मला झोंबला. मी म्हणालो, “वाटा कसला? तू तर सही केली आहेस.” तिने चहाचा कप खाली ठेवला, ओढणी सावरली आणि निघाली. मुलीचा प्रवेश गेला. एक वर्ष फुकट गेले. दुसऱ्या वर्षी तिने कर्ज काढून शिकवले.

ही हकीकत मी चार वर्षे सगळ्यांना एकाच तऱ्हेने सांगत होतो. सगळे सुरळीत चालले होते, आणि एक दिवस आपाने येऊन वाटा मागितला. माझी गोष्ट त्या दुपारपासून सुरू व्हायची. त्याच्या मागे मी कधी गेलोच नाही.

तर ती वही. पाने उलटताना शेवटी शेवटी एक पट दिसला. वर अब्बांच्या अक्षरात लिहिले होते, “राजा कुठे?” हे कूट रेमंड स्मलियन या अमेरिकन गणितज्ञाचे. त्यांचे १९८१ साली निघालेले शतरंजच्या रहस्यांचे एक पुस्तक अब्बांना फोर्टातल्या पदपथावर मिळाले होते. त्यात पांढरा राजा म्हणजे खलिफा हारून अल-रशीद, म्हणून अब्बांना त्याचे फार कौतुक. या पुस्तकातली कूटे उलटी असतात. पुढे काय खेळावे, हे विचारतच नाहीत. पटावरची स्थिती दाखवतात आणि विचारतात की इथपर्यंत आलो कसे? मागची चाल कोणती?

घरात पट असेल तर वाचकांनी मांडून पाहावे. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगांना ए, बी, सी अशी नावे आणि त्याच्या बाजूने आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. काळा राजा डी१ वर. काळा हत्ती बी५ वर. काळा उंट डी५ वर. पांढऱ्याचा एकच उंट, ए४ वर. बस. पांढरा राजा पटावरून नाहीसा झाला आहे. तो कोणत्या घरात होता?

मी तीन रात्री त्यावर बसलो. साठ घरे रिकामी आहेत, कुठेही असेल, असे आधी वाटले. जिथे जिथे ठेवून पाहिला तिथे काहीतरी अडे. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात आपाने काही लिहिले होते, पण ते पुसट झालेले. बायको म्हणाली, “एवढं आहे तर आपांनाच विचारा की.” ती साधेपणाने म्हणाली, की मुद्दाम, हे मी तिला अजून विचारलेले नाही.

चौथ्या दिवशी मगरिबनंतर मी फोन लावला. चार वर्षांत ईदच्या मुबारकबादीपलीकडे आमचे बोलणे नव्हते.

“अस्सलामु अलैकुम, आपा.”

“वअलैकुम अस्सलाम. सगळे बरे आहेत ना?” आवाजात धास्ती. अवेळी फोन आला की दुसरे काय वाटणार?

“बरे आहेत. अब्बांची वही सापडली. ते ‘राजा कुठे’ सुटत नाही.”

पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन तुटला असे वाटले. मग ती म्हणाली, “पट मांडलायस?”

“मांडलाय.”

“आधी सांग, शह कुणाला आहे?”

मी पाहिले. पांढरा उंट ए४ वरून तिरपा काळ्या राजावर रोखलेला. “काळ्याला.”

“म्हणजे शेवटची चाल पांढऱ्याची. उंट कुठून आला?”

मी बोट फिरवले. त्या तिरप्या रेषेवर बी३ आणि सी२ ही घरे आहेत, पण तिथे असता तर आधीपासूनच शह लागला असता. दुसऱ्या बाजूला बी५ वर काळा हत्ती बसलेला. “कुठूनच येऊ शकत नाही.”

“बरोबर. उंट हललाच नाही. तो होता तिथेच आहे. मग शह लागला कसा?”

“मधून कुणीतरी बाजूला झालं.”

“कोण?”

पांढऱ्याकडे दुसरा मोहराच नाही. “राजा,” मी म्हणालो.

“हां. राजा स्वतःच हलला. तो बी३ वर होता. सी२ वर असूच शकत नाही, काळा राजा शेजारी आहे.”

“पण आपा, बी३ वर त्याला हत्तीचाही शह आणि उंटाचाही. दोन्ही एकाच वेळी कसे लागतील? काळ्यानं एकच चाल केली असेल ना?”

“तिथंच तर अब्बांनी मला आठवडाभर बसवलं होतं. आता पटावर दिसतात तेवढेच मोहरे बघू नकोस. जे होते आणि आता नाहीत, ते बघ.”

मला ते जमले नाही, तिने सांगितले. बी४ वर काळे प्यादे होते, त्याने हत्तीचा रस्ता अडवला होता. काळ्या उंटाने डी५ वर येऊन राजाला शह दिला. पांढऱ्याने सी२ वरचे प्यादे दोन घरे उडवून सी४ वर मध्ये घातले. प्यादे असे दोन घरे उडाले की शेजारच्या प्याद्याला लगेचच्या चालीत, ते एकच घर आले असे धरून, मारता येते. हा साहेबी खेळातला नियम. तसे ते मारले गेले. काळे प्यादे बी४ वरून सी३ वर गेले आणि सी४ वरचे पांढरे उचलले गेले. एका चालीत दोन घरे रिकामी झाली, म्हणून हत्ती आणि उंट दोघांचा शह एकदम लागला. तेव्हा राजाने ते काळे प्यादे सी३ वर मारले आणि तो उंटाच्या वाटेतून बाजूला झाला. राजा सी३ वर आहे. दुसरे कोणतेही घर चालत नाही.

मी मोहरे मागे नेले, पुन्हा पुढे आणले. उत्तर बरोबर होते.

“समजलं का?” आपाने विचारले.

“समजलं,” मी म्हणालो. मग बराच वेळ बोललो नाही. तीही बोलली नाही. इशाची अजान होऊ लागली आणि आम्ही दोघांनी फोन ठेवला.

त्या रात्री मला झोप आली नाही. उंट हललाच नाही, हे वाक्य कानातून जाईना. आपा तर होती तिथेच होती. वाटा सूरह निसामध्ये ठरवून दिलेला. तो तिने मागितल्यावर तयार झाला नव्हता. अब्बांनी डोळे मिटले त्या घडीपासून तो होता. मध्ये मी एक कागद आणून उभा केला. आणि मी ज्याला तिची चाल म्हणत होतो, ती माझ्याच चालीनंतरची होती. शिवाय माझ्या गोष्टीतून काही माणसे मी उचलूनच टाकली होती. इद्दतीतली अम्मी, जिला त्या दिवसांत कागद वाचण्याचेही भान नव्हते. एसटीच्या खिडकीशी बसलेली आपा. ती मुलगी, जिचे एक वर्ष गेले. आज पटावर ती दिसत नाहीत, म्हणून ती नव्हतीच, असे धरून मी चाललो होतो.

सही तिने केली होती, हे खरे. कायद्याने कागद पक्का होता. पण राजीखुशीने सोडणे वेगळे आणि भावाचे घर तुटू नये म्हणून सोडणे वेगळे. यातले कोणते घडले होते, ते मला त्या दिवशीही माहीत होते.

पुढच्या रविवारी मी आपाच्या घरी गेलो. हिशेब सोपा होता. आई-वडील दोघेही गेलेले, एक भाऊ, एक बहीण. तीन भागांतले दोन माझे, एक तिचा. साठ कलमांतली वीस तिची. घराचाही तिसरा भाग. आणि नऊ हंगामांचे उत्पन्न मी एकट्याने खाल्लेले. खत, फवारणी, राखण, कर्जाचे हप्ते वजा जाता जे उरते, त्यातला तिसरा भाग. तो मी कागदावर मांडून नेला होता. सगळे पैसे एकदम देणे मला शक्य नव्हते. दोन हंगामांत देतो म्हणालो.

दुल्हाभाईंनी कागद वाचला आणि काही न बोलता आपाकडे दिला. मला वाटले होते आपा रडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे रे, मला काही नको. तिने चष्मा लावला आणि बेरीज तपासली. दुसऱ्या वर्षीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, “त्या साली तर मोहोर जळला होता. इतकं उत्पन्न कुठलं?” मी चूक दुरुस्त केली. मग म्हणाली, “हे बरोबर आहे. पण तिचं वर्ष गेलं ते गेलं.”

“हो,” मी म्हणालो. त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. भाची आत स्वयंपाकघरात होती. ती आता रुग्णालयात नोकरी करते. तिने मामाला सलाम केला, पाणी दिले आणि आत गेली. तिच्याशी माझे नाते पूर्वीसारखे व्हायला वेळ लागेल, कदाचित होणारही नाही. अल्लाहने माफ करावे अशी दुआ करतो, पण तिची माफी तिच्याकडेच मागावी लागेल. ती मी मागितली आहे. तिने अजून उत्तर दिलेले नाही.

हक्कसोडपत्र एकदा झाले की नुसते फाडून चालत नाही. वकिलाला विचारून नवा दस्त केला, मुद्रांक भरला, फेरफार नोंदवला. गावातल्या दोघा-तिघांनी ऐकवले की हातची जमीन घालवलीस. मी त्यांना एवढेच म्हणतो की ती माझी कधी नव्हतीच. आणि हे वाचणाऱ्या भावांपैकी कुणाच्या कपाटात असाच एखादा कागद असेल, तर त्यांनी बहिणीने मागण्याची वाट पाहू नये. मागितल्यावर दिले तर देणे होते, पण तोपर्यंत मध्ये बरेच काही मोडून जाते.

या मे महिन्यात आपा बागेत आंबे उतरवताना आली. तिच्या वीस कलमांचे आंबे तिने स्वतः मोजून घेतले. रात्री पडवीत बसलो. आता कंदील नाही, दिवा आहे, आणि पाऊस जवळ आला की पाकोळ्या त्याच्याभोवती तशाच जमतात. वहीत एक वेगळ्या जातीचे कूट होते. त्यात काळा आणि पांढरा एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. दोघांनी मिळून, एकेक चाल करत, काळ्या राजावर मात घडवून आणायची. अब्बांनी वर लिहिले आहे, “दोघांनी ठरवलं तरच सुटेल.” आपाने ते कधीच सोडवले नव्हते. म्हणाली, “हे त्यांनी शेवटच्या सुट्टीत आणलं होतं. बसायचं राहून गेलं.”

माझी धाकटी मुलगी मध्ये येऊन बसली. काळे मोहरे कुणाचे, पांढरे कुणाचे, म्हणून भांडू लागली. आपाने तिला मांडीजवळ ओढले आणि म्हणाली, “थांब. आधी नीट बघू या, ही मांडणी झाली कशी.”

अजान झाली तेव्हा आमच्या दोनच चाली सापडल्या होत्या. पट तसाच ठेवून आम्ही उठलो.